भिंतीतला पाइप

मीरा रोडला बेव्हर्ली पार्कच्या आसपास जुन्या फ्लॅटमधला बोर्ड उघडला, की मी आधी हिरवी वायर शोधतो. ती नसेल आणि वायरिंग लोखंडी पाइपातून आलेलं असेल, तर घरमालक हमखास सांगतात, "अहो, पाइपच अर्थिंग आहे." त्यात खोटं काही नाही. शिकागोत आजही घरातलं वायरिंग धातूच्या पाइपातूनच करतात आणि तोच पाइप अर्थ म्हणून कायद्याने चालतो.

पण अर्थिंग पाइपाच्या जोडांवर टिकतं. आपल्याकडे सॉकेट, बेंड, चेक-नट सगळं प्लास्टरमध्ये गाडलेलं. त्यात ही मिठागरांची, खाडीकाठची हवा. पावसाळ्यात भिंत ओल धरते आणि आट्यांत गंज चढतो. बाथरूमच्या टाइल्स बदलताना कुणी मधला तुकडा कापून पीव्हीसी घातला, तर पुढचं अर्थिंग तिथेच संपलं. वरून काहीच दिसत नाही.

आमच्या धंद्यात शंभर वॉटचा बल्ब फेज आणि अर्थ यांच्यात लावून बघायची जुनी सवय आहे. बल्ब लख्ख पेटला की "ओके". मला ही चाचणी पटत नाही. त्या बल्बला अर्धा अँपिअरही लागत नाही. तेवढा करंट गंजलेल्या जोडातूनही जातो. समजा, पाइपाच्या वाटेत दहा ओहमचा अडथळा आहे. गिझरची फेज बॉडीला टेकली, तर 230 व्होल्टला जेमतेम 23 अँपिअर वाहतील. 16 अँपिअरची एमसीबी एवढ्यावर झटकन पडत नाही, तासभरही तग धरू शकते. तोवर गिझरची बॉडी जवळजवळ पूर्ण व्होल्टेजवर, आणि खाली ओल्या अंगाचा माणूस. म्हणून लूप टेस्टर लावून अर्थच्या वाटेचा ओहम मोजल्याशिवाय मी ओके म्हणत नाही.

तीस मिलीअँपिअरची आरसीसीबी या दहा ओहमला पुरून उरते. पाइप पुरताच तुटला असेल, तर मात्र ती माणसाला झटका बसल्यावरच पडते. तेव्हा दोन्ही हवं: आरसीसीबी आणि तांब्याची हिरवी वायर. जुन्या पाइपात ती ओढणं जिकिरीचं. बेंडपाशी जुन्या वायरी चिकटून बसलेल्या असतात, कधी सगळ्याच काढून नव्या घालाव्या लागतात.

वायर आली म्हणून पाइप मोकळा सोडायचा नाही. आत एखादी फेज सोलली गेली तर पाइपच जिवंत होईल. म्हणून प्रत्येक लोखंडी बॉक्समध्ये त्यालाही हिरव्या वायरला बांधायचं, आणि मध्ये पीव्हीसी घातलेला असेल तर दोन्ही तुकडे वेगवेगळे.