एफ६ वर घड्याळ

भाषांतराचे पैसे मला शब्दांवर मिळतात, दुरुस्त्यांचे तासांवर. त्यामुळे अमरावतीत बसून अकोल्याच्या छापखान्यांची कामं करताना मिनिटं लिहून ठेवावीच लागतात. त्यासाठी मी इमॅक्समधला ऑर्ग मोड वापरतो. कार्स्टन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने तो २००३ मध्ये लिहायला घेतला. कामाच्या मथळ्यावर कंट्रोल-सी, कंट्रोल-एक्स, कंट्रोल-आय दाबलं की घड्याळ सुरू. आयऐवजी ओ दाबलं की बंद. बेरीज तोच मांडतो.

पण लिनक्सवर इनस्क्रिप्ट चालू असलं की सीच्या जागी म, एक्सच्या जागी अनुस्वार आणि आयच्या जागी ग. इमॅक्सला 'कंट्रोल-म' कळत नाही. मग भाषा बदला, कळा दाबा, पुन्हा भाषा बदला. चार दिवसांत माणूस कंटाळतो आणि महिनाअखेरीस बिल अंदाजपंचे निघतं. इमॅक्सची स्वतःची देवनागरी पद्धत घेतली तर हा घोळ होत नाही, पण मग ब्राउझरमध्ये एक खटका आणि इथे दुसरा. मला ते झेपलं नाही.

वरच्या रांगेतल्या एफच्या कळा मात्र कोणत्याही लिपीत त्याच राहतात. त्यातल्या एफ५ ते एफ९ इमॅक्सच्या संकेतानुसार वापरणाऱ्यासाठीच राखलेल्या आहेत. मी एफ६ वर सुरू, एफ७ वर बंद आणि एफ८ वर 'चालू कामाकडे चल' बसवलंय. एफ६ फक्त ऑर्ग फायलींपुरती, कारण सुरू करायला मथळा लागतो. बाकी दोन कुठूनही चालतात. सगळ्यात उपयोगाची एफ८. अकोल्याहून "भाऊ, किती टाइम लागन?" असा फोन आला की भलतीच फाइल उघडली जाते, फोन ठेवून एफ८ दाबली की मूळ कामावर परत.

उन्हाळ्यात लाइन गेली की घड्याळ उघडंच राहतं. पुढच्या वेळी घड्याळ लावताना त्या अर्धवट नोंदीचं काय करायचं, असं ऑर्ग विचारतो. के दाबून किती मिनिटं धरायची ते सांगता येतं. इथे मात्र कळफलक इंग्रजीवर आणावाच लागतो, नाहीतर केचा क होतो. गिऱ्हाइकाच्या बिलात अंधारातली मिनिटं मी धरत नाही.

लॅपटॉपची वरची रांग आवाज आणि उजेड कमीजास्त करायला दिलेली असेल, तर आधी एफएन लॉक लावून घ्या. नाहीतर एफ६ दाबाल आणि घड्याळ सुरू होणारच नाही.