निवृत्तिनाथांच्या दारी

पत्नी गेल्यानंतरच्या पहिल्या पौषात, वद्य एकादशीस, मी नाशिकहून त्र्यंबकेश्वरी गेलो. टेनिसनचे १८५० सालचे शोककाव्य मी कित्येक वर्षे वर्गात शिकविले. पण गरज पडली त्या रात्री ते पुस्तक उघडवेना. विद्वत्तेची ही फजिती कोणास सांगणार!

१२९६ साली ज्ञानदेव आळंदीस समाधिस्थ झाले. पुढील काही महिन्यांतच सोपान आणि मुक्ताबाईही गेली. सर्वांत थोरला, आणि त्यांचा गुरू, तेवढा मागे उरला. १२९७ त त्यानेही त्र्यंबकेश्वरी देह ठेविला. नामदेवांच्या समाधीच्या अभंगांत ज्ञानदेवांस आसनाकडे नेताना त्यांचा एक हात निवृत्तींनी धरला आहे, दुसरा देवाने. मरण मात्र देवाने टाळले नाही. याचा मला पूर्वी रागच येई. त्या दिवशी मनात आले, भावाला जो हात सोडावा लागला, तो देवालाही सोडावा लागलाच की.

दर्शनाच्या रांगेत शेजारच्या वृद्ध वारकऱ्याने माझे डोळे पाहिले.

“कोण गेलं, बाबा?”

मी सांगितले. तो काही बोलला नाही. रांग पुढे सरकली, तेव्हा माझा हात त्याच्या हातात होता.