नावेचे बूच

पावसाळा तोंडावर आला की आमचे आबा धाब्यावर चढतात. खानदेशात धाब्यावर खारी पसरतात, हे येथील वाचकांना मी काय सांगणार! पण आबांचे लक्ष खारीपेक्षा उताराकडे. कोपऱ्यात वाटीभर पाणी साचले तरी ते रात्री अंथरुणावर टपकणार. सगळे पाणी पन्हळीच्या तोंडाशी आले पाहिजे, हा त्यांचा हट्ट.

असा माणूस आपल्या नावेला मात्र भोक पाडू देईना.

पांझरा तापीला मिळते त्या मुडावदच्या बाजूला आमचे गाव. काठावर ओढून ठेवलेली नाव रात्रीच्या एका पावसात निम्मी भरते. मग आबा सकाळी गोडेतेलाच्या डब्याने पाणी उपसत बसतात. त्यांचे मनगट सुजू लागले, तेव्हा मी कॉलेजकुमाराच्या ऐटीत तोडगा काढला. समुद्रावरच्या लहान नावांच्या तळात उघडी भोके असतात आणि पाणी आपोआप वाहून जाते, असे मी चित्रात पाहिले होते.

"नावले भोक? येडा व्हयना का रे भाऊ?" आबा म्हणाले. त्यांनी घरातली फुटकी तपेली आणून हौदात सोडली. ती भरून बुडाली. वाद संपला.

नंतर मला उमगले की त्या नावांना दुहेरी तळ असतो आणि वरचा तळ बाहेरच्या पाण्यापेक्षा उंच असतो. तिथेही ओझे जास्त झाले की त्याच भोकातून पाणी वर येते. आमच्या नावेत पाय ठेवतो ती फळीच नदीच्या पातळीखाली. तेव्हा काठावर उघडायचे आणि पाण्यात बंद ठेवायचे, असे बूचच हवे.

भोक कुठे पाडायचे, हे पाहू लागलो तेव्हा मी खजील झालो. नावेच्या आडव्या फासळ्यांना तळाशी बोटभर खाचा होत्या. पाणी त्यांतून सरकत मागे एका जागी जमे, म्हणजे तिथे डबा बुडे. धाब्याचा उतार आबांनी नावेत आधीच करून ठेवला होता! मी उन्हाळ्याच्या सुट्टीत कितीदा त्या खाचांवर पाय ठेवून बसलो असेन.

बूच रबरी की लाकडी? रबर उन्हात तडकते. लाकूड पाण्यात फुगून घट्ट बसते. बाहेरून ठोकले तर पाण्याचा दाब त्याला आतच रेटतो, पण नदीत ते निसटले तर हात पोहोचत नाही. आबांनी आतून बसवायचे ठरवले. सुताराने भोक पाडले तेव्हा ते तोंड फिरवून उभे होते.

गेल्या पावसाळ्यात हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्याची दवंडी झाली. पाणी चढण्याआधी नाव पलीकडच्या ओढ्यात नेऊन बांधायची होती. मी घाईने नाव ढकलली. मध्यावर पायाला गारवा लागला. बूच घरी खुंटीवर होते. वाळू धुवायला मीच ते काढले होते.

आबांनी वल्हे माझ्या हाती दिले, डोक्यावरची टोपी काढली, तिचा बोळा करून भोकात कोंबला आणि त्यावर टाच रोवून बसले. मी वल्हवत राहिलो.

आबांना उघड्या डोक्याने मी कधी पाहिले नव्हते. पलीकडच्या काठावर ओळखीची माणसे उभी होती. एकाने विचारले, "आबा, टोपी कोठे गई?"

"पडनी पानीमा," आबा म्हणाले.

आता बूच नावेलाच सुतळीने बांधलेले असते. डबाही आहे.