पिशवीत सोडलेले जंतू

“म्हणजे डॉक्टर, टीबीचे जंतू माझ्या लघवीच्या पिशवीत सोडणार?” मूत्राशयाच्या कॅन्सरवर बीसीजी द्यायचं ठरलं, की हा प्रश्न येतोच. विचारणारे काका बहुधा जुने बिडी ओढणारे. लघवीतून रक्त गेलं, पण दुखलं नाही म्हणून अंगावर काढलेलं. दुर्बिणीतून गाठ खरवडून झालेली असते. ती पुन्हा उगवू नये म्हणून हा खटाटोप. मी म्हणतो, “काका, नातवाच्या दंडावरचा व्रण आठवा. तीच ही लस.”

या लसीमागची चिकाटी मला अजून थक्क करते. फ्रान्समधल्या लील शहरात काल्मेत आणि गेरँ यांनी 1908 पासून गाईंच्या क्षयाचे जंतू बैलाच्या पित्तात भिजवलेल्या बटाट्यांवर वाढवले. दर काही आठवड्यांनी नवा बटाटा. तेरा वर्षांत सुमारे 230 वेळा. मधे महायुद्ध आलं, शहर जर्मनांच्या ताब्यात गेलं, तरी काम थांबलं नाही. जंतू जिवंत राहिला, त्याचा दंश गेला.

1976 साली कॅनडातल्या किंग्स्टनच्या अल्वारो मोरालेस यांनी नऊ रुग्णांच्या मूत्राशयात ही लस सोडल्याचा अहवाल दिला. आठवड्याला एक, असे सहा डोस. सहाच का? लसीच्या कुप्या सहाच्या खोक्यात येत! आजही आम्ही सुरुवातीला सहाच देतो.

जंतू स्वतः कॅन्सर गिळून टाकत नाही. कॅन्सरची पेशी आपल्याच शरीरातली. प्रतिकारशक्तीच्या पेशींना तिचा वहीम सहज येत नाही. बीसीजी मात्र उघड परका. तो अस्तराला चिकटला की आधी न्यूट्रोफिल धावतात, मग मॅक्रोफेज, मग टी-पेशी. त्या धुमश्चक्रीत गाठीच्या उरलेल्या पेशीही सापडतात. टी-पेशी नसलेल्या उंदरांत हा उपचार चालत नाही, हे 1980 च्या दशकातल्या प्रयोगांनी दाखवलं. माझ्या लेखी सगळ्यांत बोलका पुरावा तोच.

म्हणून तिसऱ्या-चौथ्या डोसनंतर जळजळ वाढली, अंग थोडं कसकसलं, तर मी रुग्णाला धीर देतो: प्रतिकारशक्तीला ओळख पटू लागली आहे. पण ताप चढला किंवा दोन दिवसांत उतरला नाही, तर मात्र लगेच बोलावतो. जंतू जिवंत आहे, हे मी एक क्षणही विसरत नाही. प्रतिकारशक्ती खचलेल्या माणसाला तो देत नाही. गाठ स्नायूत उतरली असेल तर त्याचा उपयोग नाही. आणि अस्तरातल्या गाठीसुद्धा सगळ्यांच्या दबत नाहीत, काहींचं मूत्राशय शेवटी काढावंच लागतं. ते सांगताना माझा आवाज अजून जड होतो.

डोसच्या दिवशी नळी घालताना लघवी लालसर दिसली, तर मी कुपी उघडतच नाही. दुखावलेल्या अस्तरातून जंतू रक्तात शिरू शकतो. काका तासभर एसटीने आलेले असतात, हिरमुसतात. “पुढच्या आठवड्यात या,” मी म्हणतो.