चक्रवाकाची भेट

चक्रवाक हा शब्द तुम्हांला काव्यातून परिचित असेल. दिवसा एकत्र असणारी ही जोडी रात्री नदीच्या दोन तीरांवरून एकमेकांना विरहाने हाका मारते, असा जुना कविसंकेत आहे. मीही हा शब्द अनेक वर्षे केवळ टीपेतल्या अर्थापुरता जाणत होतो.

एका हिवाळ्यात निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वरला गेलो. गोदावरी-कादवा संगमाजवळच्या बंधाऱ्यात गाळ साचत गेला आणि ही पाणथळ भूमी घडली. ती महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरली. पाण्यावर थापट्या बदके चरत होती. ऊन चढले, तशी काठावरच्या रुईवर केशरी फुलपाखरे भिरभिरू लागली. रुईचे विष सुरवंटपणीच त्यांच्या अंगी भिनते, म्हणून पक्षी त्यांना टाळतात.

दुपार कलल्यावर एक सानुनासिक हाक आली. नारिंगी अंगाची, फिकट डोक्याची दोन बदके चिखलावर उतरली. “चक्रवाक,” वाटाड्या सहज म्हणाला. हिमालयापलीकडून आलेले ते पाहुणे अंधार दाटेपर्यंत एकाच तीरावर होते. संकेत खोटा ठरल्याचे मला वाईट वाटले नाही. तो रचणाऱ्याने ही हाक खरोखर ऐकली असणार, एवढे मात्र उमगले.

पाणथळी बुजत गेल्या, तर चक्रवाक शब्दकोशात राहील; त्यामागची हाक राहणार नाही. म्हणून या हिवाळ्यात जवळच्या जलाशयावर एकदा अवश्य जा. टीप त्यानंतर वाचा.