इव्रीतील आशा

फ्रान्समधील धर्मनिरपेक्षता भारतीय वाचकाच्या ओळखीच्या धर्मनिरपेक्षतेहून निराळ्या घडणीची आहे. इकडे एकाच रस्त्याने पालखी, ताबूत आणि मेरीमातेची मिरवणूक जाते आणि तिन्हींच्या बंदोबस्ताला तोच हवालदार उभा असतो; तिकडे ९ डिसेंबर १९०५ च्या कायद्याने शासनाने कोणत्याही पंथाला मान्यता, वेतन वा अनुदान न देण्याचे ठरवले आणि धर्म सार्वजनिक जीवनातून घराच्या उंबरठ्याआड सरकत गेला. त्यापूर्वी बांधलेली कॅथीड्रले शासनाच्या आणि गावोगावची बहुतेक चर्चे नगरपालिकांच्या मालकीची आहेत, त्यामुळे २०१९ मध्ये पॅरिसचे नोत्र दाम जळाले तेव्हा त्याच्या छपराची जबाबदारी अशा शासनावर आली, ज्याला त्या छपराखाली होणाऱ्या मिस्सेशी, म्हणजे ख्रिस्ताच्या अखेरच्या भोजनाच्या स्मरणार्थ होणाऱ्या उपासनेशी, काहीही कर्तव्य नव्हते.

अशा समाजात श्रद्धावंताला विरोधापेक्षा अनास्था अधिक जाचते. विरोध करणारा निदान प्रश्न तरी विचारतो; अनास्थेला ईश्वर असला काय आणि नसला काय, सारखेच. म्हणूनच येथे कॅथलिक परंपरेतील ‘आशा’ ही संकल्पना कसाला लागते. श्रद्धा, आशा आणि प्रीती हे तीन सद्गुण मनुष्य केवळ स्वप्रयत्नाने कमावत नाही, ते ईश्वराकडून मिळतात आणि ईश्वराकडेच नेतात, असे ही परंपरा मानते. तेराव्या शतकातील थोर तत्त्वचिंतक संत थॉमस अक्वायनस यांच्या विवेचनानुसार आशेचा विषय चांगला असतो, अद्याप हाती आलेला नसतो, मिळवण्यास कठीण असतो आणि तरीही शक्य असतो. यातले ‘कठीण’ वगळले की आशा फाजील भरवशाकडे घसरते आणि ‘शक्य’ वगळले की नैराश्यात बुडते. फ्रान्सच्या ‘ख्रिस्ती वैभवा’चे पुनरागमन व्हावे म्हणून जे उसासे टाकतात, त्यांच्या भाषणांत या दोन्ही दोषांचे विचित्र मिश्रण आढळते, हे नोंदवल्यावाचून राहवत नाही.

या आशेचे खडतर रूप पाहायचे तर मादलेन देलब्रेल यांच्या चरित्राकडे वळावे लागते. १९०४ मध्ये जन्मलेल्या या कवयित्रीने ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर नास्तिकतेचा पुरस्कार केला होता. ईश्वर नसेल तर मृत्यूच सर्वांचा धनी ठरतो, हा निष्कर्ष त्यांनी इतक्या सरळपणे स्वीकारला होता की बेफिकीर नास्तिकांनाही तो झेपला नसता. १९२४ मध्ये त्या श्रद्धेकडे वळल्या, आणि १९३३ मध्ये मोजक्या मैत्रिणींसह पॅरिसलगतच्या इव्री या कामगारवस्तीच्या नगरात राहावयास गेल्या. कारखान्यांच्या धुराड्यांनी वेढलेल्या या नगराची पालिका कम्युनिस्ट पक्षाच्या ताब्यात होती आणि पक्षाचे नेते मोरिस तोरेझ तेथूनच संसदेवर निवडून आले होते. एकीकडे मिस्सेला जाणारे मूठभर लोक आणि दुसरीकडे चर्चकडे मालकवर्गाचा सोबती म्हणून पाहणारी कामगारवस्ती, अशी त्या गावाची विभागणी होती.

देलब्रेल यांनी मठ बांधला नाही, झगा चढवला नाही. त्या समाजसेविकेचे शिक्षण घेऊन पालिकेच्या यंत्रणेत काम करू लागल्या, घराचे दार येईल त्याला उघडे ठेवू लागल्या, आणि बेकारी, आजारपण, घरभाडे यांच्या विवंचनेत कम्युनिस्ट कार्यकर्त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या. त्या कार्यकर्त्यांच्या त्यागाने त्या भारावल्या होत्या आणि मार्क्सवादाचे आकर्षणही त्यांना काही काळ वाटले. परंतु शुभवर्तमानातील शेजारधर्म कोणालाच वगळत नाही, वर्गद्वेष मात्र काहींना वगळूनच उभा राहतो, या कारणास्तव त्या पक्षापासून दूर राहिल्या. मैत्री तोडायची नाही आणि ईश्वराविषयी गुळमुळीत बोलायचे नाही, ही दुहेरी शिस्त त्यांनी तीस वर्षे पाळली. ती पाळणे सोपे नव्हते, कारण एकीकडून भाबडेपणाचा आणि दुसरीकडून डाव्यांच्या आहारी गेल्याचा आरोप होण्याची सोय तिच्यात होतीच. कारखान्यांत मजुरी करणाऱ्या ‘कामगार-धर्मगुरूं’चा प्रयोग १९५४ मध्ये रोमच्या आदेशाने आवरता घ्यावा लागला, तेव्हा त्यांच्या अनेक स्नेह्यांची मने दुभंगली; देलब्रेल यांनी दुःख लपवले नाही आणि चर्चही सोडले नाही.

१९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मार्क्सवादी नगराला प्रेषितकार्याची भूमी मानणाऱ्या ग्रंथात त्यांनी या अनुभवाची मीमांसा केली. त्यांच्या मते श्रद्धेला परका असलेला परिसर श्रद्धेचा मारेकरी असेलच असे नाही. जिथे सवय, प्रतिष्ठा किंवा आजीची भीड ईश्वराच्या बाजूने साक्ष देत नाही, तिथे श्रद्धावंताला आपण काय मानतो हे रोज नव्याने ठरवावे लागते. हे म्हणणे मोलाचे आहे, मात्र त्याची किंमतही आहे: अशा वस्तीत वाढणाऱ्या मुलांपर्यंत श्रद्धा पोहोचवणारा दुवाच तुटतो, आणि प्रौढांच्या कसोटीने बालकांचे पोषण होत नाही.

२०२५ च्या ईस्टरला फ्रान्समध्ये दहा हजारांहून अधिक प्रौढांनी बाप्तिस्मा, म्हणजे चर्चमध्ये प्रवेश देणारा स्नानसंस्कार, स्वीकारला. या आकड्याने हुरळून जाणारे देलब्रेल यांचे नाव घेतात, ते अस्थानी आहे. त्यांची आशा आकड्यांच्या बेरजेवर उभी नव्हती. १३ ऑक्टोबर १९६४ रोजी इव्रीतील राहत्या घरी त्यांचे निधन झाले, तेव्हा पालिका कम्युनिस्टांच्याच हाती होती. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ मध्ये त्यांना ‘वंदनीय’ घोषित केले. संतपदाच्या मार्गावरील पुढचे टप्पे अजून बाकी आहेत.