पावणेदहाची गाडी

हॉगवर्ट्सचं पत्र आलं नाही, म्हणून काय झालं? लंडनहून वीसेक मिनिटांची ट्रेन, पुढे पंधरा मिनिटांची बस, की थेट ग्रेट हॉलच्या दारात! हॅरी पॉटरच्या खऱ्याखुऱ्या सेट्सवर घालवलेला एक भन्नाट दिवस...

अकराव्या वाढदिवसाला तुम्हीही खिडकीकडे डोळे लावून बसला होतात ना? घुबड येणार, पायाला पाकीट बांधलेलं असणार, पाकिटावर आपलं नाव, पत्ता, अगदी मजला आणि खोलीसुद्धा! लाजू नका मंडळी, आपण सगळे एकाच बोटीतले. आता ग्रिलवर कबुतरांशिवाय कुणी फिरकलं नाही, ही गोष्ट वेगळी.

आमच्या घरात हॅरी आला तो मराठीतून, ‘हॅरी पॉटर आणि परीस’ होऊन. पुढची पुस्तकं इंग्रजीतून, आणि ती सगळी माझ्या मावसबहिणीच्या तावडीतून सुटल्यावर. ताई माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. नियम साधा होता. आधी ती वाचणार, मग मी. २१ जुलै २००७ ला सातवं पुस्तक आलं तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि ताई चौदा. दोन दिवस ती जेवतानाही पुस्तक खाली ठेवत नव्हती आणि मी तिच्या चेहऱ्यावरून कोण मेलं असेल याचा अंदाज बांधत होते.

हीच ताई आता नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये असते. सेट्स जिथे आहेत ते लीव्हज्डेन तिच्या घरापासून ट्रेनने दोन तासांच्या आत, पण ती कधीच गेली नव्हती. ‘तू आलीस की जाऊ,’ हे पालुपद पाच वर्षं चाललं. शेवटी मी व्हिसा काढला, साठवलेले पैसे मोडले आणि पोहोचले.

खरं सांगू? जाताना पोटात थोडी धाकधूक होती. मोठं झाल्यावर शाळेत गेलं की मैदान केवढंसं वाटतं, आठवतंय? बाकावर गुडघे मावत नाहीत. आपल्या हॉगवर्ट्सचंही तसंच झालं तर? प्लायवूड आणि रंग बघून परत यायचं, आणि पुन्हा कधी पुस्तक उघडलं की तेच प्लायवूड डोळ्यांसमोर!

विमानांच्या कारखान्यात शाळा

लीव्हज्डेन हे वॉटफर्डजवळचं उपनगर. लंडनच्या वायव्येला साधारण वीस मैलांवर. दुसऱ्या महायुद्धात इथे विमानांचा कारखाना होता. मॉस्किटो आणि हॅलिफॅक्स ही बॉम्बफेकी विमानं इथे बनायची. नंतर रोल्स-रॉइसने इथे हेलिकॉप्टरची इंजिनं बनवली. नव्वदच्या दशकात कारखाना बंद पडला आणि रिकाम्या, अवाढव्य शेड्स सिनेमावाल्यांच्या नजरेत भरल्या. जेम्स बाँडचा ‘गोल्डनआय’ इथेच शूट झाला. मग २००० साली अकरा वर्षांची काही पोरं इथे आली आणि पुढची दहा वर्षं इथेच मोठी झाली. आठ सिनेमे, २००१ ते २०११. शूटिंग संपल्यावर सेट्स मोडीत काढायच्या ऐवजी जपले गेले आणि ३१ मार्च २०१२ ला हे दालन लोकांसाठी उघडलं.

तिकिटाच्या रांगेतच पहिला धक्का बसतो. जिन्याखालचं ते कपाट! हॅरीची खोली. आत मळकी चादर, छोटी खेळणी. ताईने मोबाइल काढला आणि तसाच पर्समध्ये ठेवला. ‘केवढंसं आहे गं,’ एवढंच म्हणाली.

वर छतच नाही

आधी छोट्या थिएटरात एक फिल्म दाखवतात. फिल्म संपते, पडदा वर जातो आणि मागे ग्रेट हॉलचे अवजड दरवाजे. ‘आज कुणाचा वाढदिवस आहे?’ गाइडने विचारलं. सहा-सात वर्षांची एक चिमुरडी पुढे गेली आणि तिने दार ढकललं. आमच्या घोळक्यातले सगळे चाळिशीतले, तिशीतले बाप्ये एकदम गप्प.

हॉल १२० फूट लांब, ४० फूट रुंद. ऑक्सफर्डच्या ख्राइस्ट चर्च कॉलेजच्या जेवणघरावरून सुचलेला. पायाखाली खरी दगडी फरशी आहे, यॉर्क स्टोनची. प्रॉडक्शन डिझायनर स्टुअर्ट क्रेग यांचा हट्ट. रंगवलेली लाकडी जमीन स्वस्तात झाली असती, पण शेकडो पोरांचे पाय आणि कॅमेऱ्यांच्या ट्रॉल्या तिने किती वर्षं सोसल्या असत्या? दगड दहा वर्षं टिकला आणि आता आपण त्यावरून चालतोय.

आणि मग मान वर गेली. छत... नाहीच! लोखंडी सांगाडा आणि दिवे. तो तारांकित आकाशाचा घुमट कॉम्प्युटरने नंतर जोडलेला. हवेत तरंगणाऱ्या मेणबत्त्या मात्र पहिल्या सिनेमात सुरुवातीला खऱ्या होत्या, तारांना लटकवलेल्या. ज्योतीच्या उष्णतेने तारा तुटायला लागल्या, तेव्हा खालच्या पोरांची काळजी करून तो प्रकार बंद केला आणि पुढे मेणबत्त्याही कॉम्प्युटरच्या झाल्या.

समोरच्या टेबलामागे शिक्षकांचे पोशाख उभे. डम्बलडोर, मॅकगोनागल, स्नेप, हॅग्रिड. कपडे आहेत, माणसं नाहीत. रिचर्ड हॅरिस २००२ मध्ये गेले, अ‍ॅलन रिकमन २०१६ मध्ये, रॉबी कोल्ट्रेन २०२२ मध्ये, मायकेल गॅम्बन २०२३ मध्ये, मॅगी स्मिथ २०२४ मध्ये. शाळा सोडून खूप वर्षांनी स्टाफरूममध्ये डोकावावं आणि एकही ओळखीचा चेहरा नसावा, तसं काहीसं वाटलं.

‘कोण बघतंय?’

यानंतर मात्र नुसती धम्माल. डम्बलडोरच्या ऑफिसातले ते कातडी बांधणीचे प्राचीन ग्रंथ माहीत आहेत? टेलिफोन डिरेक्टऱ्या! जुन्या डिरेक्टऱ्यांना चामड्याची कव्हरं चढवली आणि धुळीने माखवली. स्नेपच्या वर्गातल्या बरण्यांमध्ये खाटकाकडून आणलेली हाडं, वाळकी पानं आणि लंडन झूच्या दुकानातून घेतलेले प्लॅस्टिकचे प्राणी. हॅग्रिड एवढा धिप्पाड दिसायचा कारण लांबून घेतलेल्या कित्येक शॉट्समध्ये त्याच्या कपड्यांत सहा फूट दहा इंचाचा माजी रग्बीपटू मार्टिन बेफील्ड असायचा. रॉनच्या घरच्या स्वयंपाकघरात हात हलवला की सुरी आपोआप भाजी चिरते. आईला फोटो पाठवला, तिचं उत्तर आलं, ‘येताना एक घेऊन ये.’

पण मी सगळ्यात जास्त वेळ थबकले ती ऑलिव्हँडरच्या दुकानासमोर. जादूच्या छड्यांच्या १७,००० डब्या! प्रत्येकीला वेगळं लेबल. सिनेमात हे दुकान काही मिनिटं दिसतं आणि त्यातही आपण हॅरीकडे बघत असतो. वरच्या कोपऱ्यातल्या डबीवर काय लिहिलंय हे कोण बघणार होतं? डेली प्रॉफेट, मरॉडर्स मॅप, शाळेची पुस्तकं, चॉकलेटची वेष्टनं, सगळं मिराफोरा मिना आणि एदुआर्दो लिमा या ग्राफिक डिझायनर जोडीच्या हाताखालून गेलेलं. वर्तमानपत्रात नुसत्या हेडलाइन्स नाहीत, खाली बारीक टाइपात बातम्यासुद्धा.

‘कोण बघतंय?’ हे वाक्य तुम्हीही रोज ऐकता, नाही का? रात्री साडेआठला एक्सेल शीटमधले आकडे पुन्हा तपासत असता आणि शेजारच्या टेबलवरून आवाज येतो, ‘सोड ना यार, कोण बघतंय?’ मलाही एका ठिकाणी सांगितलं गेलं होतं, ‘एवढं खोदून कशाला लिहितेस? फोटो मोठा टाकू.’ मी तेव्हा काही बोलले नव्हते. आता उत्तर देता येईल. १७,००० डब्या. एवढंच उत्तर.

पलंग वाढले नाहीत

ग्रिफिंडॉरची मुलांची डॉर्मिटरी. लाल पडदे, पलंगाशेजारी पेटारे, ट्रंका. गाइडने सांगितलं, हे पलंग पहिल्या सिनेमासाठी अकरा वर्षांच्या मुलांच्या मापाने बनवले होते. मुलं वाढत गेली, पलंग तेच राहिले. शेवटी शेवटी बिचाऱ्यांना पाय दुमडून झोपावं लागायचं आणि कॅमेऱ्याने ते लपवायचं.

हसायला हवं होतं. पण ताई त्या पलंगाकडे नुसती बघत राहिली. आजोळच्या माडीवर आम्ही दोघी एका गादीवर, चादरीत टॉर्च लावून वाचायचो. ती गादी आता कुठे आहे, कुणाला ठाऊक. मावशीने ते घर विकून सहा वर्षं झाली.

‘ताई, रडतेयस?’

‘गप गं. एसी लागतोय मला.’

त्या दिवशी एक गोष्ट लक्षात आली. मी जादू कायम असेल की नाही म्हणून घाबरत होते. इथे जादू नाहीच, पहिल्या दालनापासून सगळं उघडं करून दाखवतात. आकाश खोटं, ग्रंथ खोटे, उडणारा झाडू हिरव्या पडद्यासमोरच्या खांबावर बसवलेला. तरीही काही म्हणजे काहीही लहान वाटलं नाही. अकराव्या वर्षी मला कळलं नसतं की एक डबी रंगवायला माणूस लागतो. अठ्ठाविसाव्या वर्षी कळतं, कारण आता आपणही कुठे तरी रोज अशाच डब्या रंगवतो.

प्लॅटफॉर्म नंबर पावणेदहा

आपल्याकडे पावणेदहा म्हणजे ऑफिसला लेट! इथे मात्र पावणेदहा हा प्लॅटफॉर्मचा नंबर, आणि त्यावर वाफ सोडत उभी हॉगवर्ट्स एक्स्प्रेस. इंजिन नकली नाही बरं का. १९३७ साली बनलेलं खरं वाफेचं इंजिन, मूळ नाव ओल्टन हॉल. लाल रंग त्याला सिनेमासाठी चढला. गंमत म्हणजे किंग्ज क्रॉस स्टेशनवर सिनेमाचं शूटिंग नऊ आणि दहा नंबरच्या मधे झालंच नाही, चार आणि पाचच्या मधे झालं!

आणि मग शेवटचं दालन. अंधार, वळण, आणि समोर... आख्खं हॉगवर्ट्स. १:२४ मापाचं मॉडेल, व्यास साधारण ५० फूट. पहिल्या सिनेमासाठी ८६ कलाकार-कारागिरांनी हे बनवलं आणि पुढच्या प्रत्येक सिनेमागणिक त्यात भर घातली. खिडक्या-कंदिलांत २,५०० हून जास्त फायबर ऑप्टिक दिवे. सगळ्यांच्या कामाचे तास एकापुढे एक मांडले तर ७४ वर्षांहून जास्त होतात म्हणे. एका माणसाचं आयुष्यच की! दर काही मिनिटांनी दालनातला दिवस मावळतो, किल्ल्यात दिवे लागतात, पुन्हा पहाट होते. आम्ही तीन रात्री बघितल्या. कुणी हाकललं नाही.

बाहेर पडताना आणखी एक खोली होती. पुन्हा छड्यांच्या डब्या, भिंतभर, चार हजारांवर. पण या डब्यांवर नावं होती, सिनेमांसाठी राबलेल्या प्रत्येकाची. हिरो, सुतार, शिंपी, ड्रायव्हर, सगळ्यांची डबी सारखीच. आपल्या ऑफिसात फेअरवेलला केक कापतात आणि दुसऱ्या दिवशी आयडी कार्ड बंद होतं. इथे कुणी तरी बसून प्रत्येकाचं नाव लिहिलं होतं.

जुलै २०२५ मध्ये याच लीव्हज्डेनमध्ये नव्या हॅरी पॉटर मालिकेचं शूटिंग सुरू झालं. नवा हॅरी, नवी हर्मायनी, नवा रॉन. आपल्यातल्या पुष्कळांनी नाकं मुरडली, मीही मुरडली होती. आता म्हणते, होऊ द्या की! पुन्हा कुणी तरी छोटे पलंग बनवील, पुन्हा कुणी तरी डब्यांवर लेबलं लावील. आणि कुठल्या तरी बिल्डिंगमधली दोन पोरं आधी कोण बघणार यावरून भांडतील. तेवढं झालं तरी पुष्कळ!

जायचंय? मग हे वाचा

• तिकीट ऑनलाइन आणि बरंच आधी काढा, गेटवर मिळत नाही. मोठ्यांचं तिकीट ५० पौंडांच्या पुढे, म्हणजे सहा हजार रुपयांच्या आसपास. सुट्ट्यांचे दिवस लवकर भरतात.

• लंडनच्या यूस्टन स्टेशनवरून वॉटफर्ड जंक्शनची फास्ट ट्रेन धरा, वीसेक मिनिटं लागतात. स्टेशनबाहेरून स्टुडिओची बस.

• किमान चार तास हाताशी ठेवा. आरामात बघायचं तर जास्तच.

• मधल्या टप्प्यावर बटरबिअर मिळते. नावात बिअर असली तरी दारू नाही, आणि गोड म्हणजे प्रचंड गोड. दोघांत एक पुरते.

• लंडनमध्येच असाल तर किंग्ज क्रॉस स्टेशनवर भिंतीत अर्धी घुसलेली ट्रॉली आहे. आपल्या मोबाइलने फोटो फुकट, रांगेची तयारी मात्र ठेवा.

• इंग्लंड लांब पडत असेल तर जून २०२३ पासून टोकियोतही असंच दालन सुरू झालंय. लहानपणी ज्याच्याशी पुस्तकावरून भांडलात, त्यालाच सोबत न्या!